हात पोराचा, हौस थोरांची

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. अमेरिकेला गेलेल्या निवृत्त आईबापांचा दिनक्रम आता सर्वांना पाठ आहे. सकाळी फिरायला जायचे, दुपारी पुण्याच्या बातम्या वाचायच्या आणि संध्याकाळी नातवंडांबरोबर गाडीत बसून ते नेतील तिकडे जायचे. आमचा नातू अकरा वर्षांचा. त्याला बेसबॉलचे वेड. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि एक-दोन सामने. त्यामुळे मी आणि माझी घडीची खुर्ची, दोघेही बेसबॉलच्या मैदानावर पडीक.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या गोलंदाजासारखा इथे पिचर असतो. तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून, एक पाय उचलून, सगळे अंग पिळून तो चेंडू फेकतो, आणि तो टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे जातो. तीन चुका झाल्या की फलंदाज बाद, तीन गडी बाद झाले की डाव पालटतो. मोठ्यांचा सामना नऊ डावांचा, अकरा-बारा वर्षांच्या पोरांचा सहा डावांचा.

त्या संध्याकाळी आमचा नातू पिचर होता. त्याचा संघ ३-२ असा पुढे. शेवटचा, सहावा डाव. समोरच्यांचे दोन गडी बाद, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची पोरे उभी. एक गडी बाद केला की सामना खिशात. नातवाने नुकतेच एकाला गारद केले होते, चेहरा लालबुंद झाला होता, आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. तेवढ्यात प्रशिक्षक शांतपणे मैदानात आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटले, चेंडू काढून घेतला आणि एका चणीने लहान, घाबरलेल्या मुलाच्या हातात दिला. नातू दुसऱ्या जागेवर क्षेत्ररक्षणाला गेला. नव्या पोराने पहिल्या फलंदाजाला चार वाईड चेंडू टाकून फुकट बेस दिला. पुढच्याने चेंडू दोघांच्या मधून काढला. दोन धावा. सामना गेला.

“अरे, एक गडी तर राहिला होता!” मी मुलावर उखडलो. “आणखी चार चेंडू टाकले असते तर काय बिघडलं असतं? हा प्रशिक्षक आहे की वैरी?”

मुलाने उत्तर दिले नाही. त्याच्या हातात एक बारके यंत्र होते. आपल्याकडे नामजप मोजायला बोटात अडकवतात ना, त्याच जातीचे. अंगठ्याने दाबले की एक आकडा पुढे. ते त्याने माझ्यासमोर धरले. आकडा होता ८६.

“पंच्याऐंशीची मर्यादा आहे, बाबा. समोरचा फलंदाज संपेपर्यंत टाकू देतात. त्याच्यापुढे नाही.”

पाच मिनिटांनी सगळी पोरे कुंपणापाशी बसून संत्र्याच्या फोडी आणि वेफर्स खात होती. हरलेल्यांत आमचा नातूही होता आणि तो खिदळत होता. त्या मैदानावर दुःखी असलेला मी एकटाच होतो.

एक जुने ओझे

त्या रात्री झोप लागली नाही. पराभवामुळे नव्हे. मुलाने ते यंत्र ज्या शांतपणे पुढे केले, त्यामुळे. मला १९९५ साल आठवले.

हा माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि पुण्यात एका शाळेकडून खेळायचा. उंच, काटक, वेगवान गोलंदाज. त्याचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात धप्पकन बसायचा तो आवाज मी कार्यालयात बसूनही ऐकायचो. त्या हिवाळ्यात त्याची पाठ दुखायला लागली. तो म्हणाला, “बाबा, कंबरेत कळ येते.” मी म्हणालो, “वाढीचं वय आहे, तेल लाव.” आंतरशालेय उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा विचारले, “उद्या नाही खेळलो तर चालेल का?” मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. म्हणालो, “अशी संधी रोज येत नाही.” दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रशिक्षकांनी एका टोकाकडून त्याला दिवसभर टाकायला लावले. मी झाडाखाली उभा राहून टाळ्या वाजवत होतो. किती षटके झाली ते कुणी मोजले नाही. मीही नाही. आम्ही जिंकलो. संध्याकाळी त्याला वाकून बुटांच्या नाड्या सोडता येईनात.

डॉक्टरांनी चित्रे काढली आणि सांगितले, मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेली आहे. वेगवान गोलंदाजांत, विशेषतः वाढत्या वयात, हे दुखणे सर्रास होते. पोराला काही महिने विश्रांती मिळाली. नंतर तो बरा झाला, शिकला, मोठा झाला. पण त्याने पुन्हा वेगात चेंडू टाकला नाही. मला त्याने त्याबद्दल आजवर एका शब्दानेही बोल लावलेला नाही. फक्त स्वतःच्या मुलाच्या सामन्याला जाताना तो खिशात मोजायचे यंत्र घेऊन जातो.

म्हणून हा लेख. बेसबॉल हे निमित्त. पोरांना खेळात पुढे आणायचे म्हणजे थोरांनी नेमके काय करायचे, हा प्रश्न साऱ्या मैदानांवर सारखाच आहे.

साठ फुटांची गोष्ट

या मुलांच्या बेसबॉलला तिकडे ‘लिटल लीग’ म्हणतात. ती सुरू केली कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या माणसाने, १९३९ साली, पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट या गावी. लाकडाच्या वखारीत नोकरी, घरी दोन पुतणे-भाचे, त्यांना खेळायला जागा नाही आणि मोठी पोरे त्यांना खेळात घेत नाहीत. स्टॉट्झने तीन संघ जमवले. पण त्याचे खरे काम त्याहून मोलाचे होते. त्याने मैदान लहान केले. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमध्ये ९० फूट अंतर असते, मुलांसाठी ते ६० फूट ठरले. पिचरपासून फलंदाजापर्यंत मोठ्यांना साठ फूट सहा इंच, तिथे आज लिटल लीगच्या मुलांना ४६ फूट आहे.

ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. नव्वद फुटांवर दहा वर्षांचे पोर चेंडू फेकते तेव्हा ते फेकत नाही, झोकून देते. कोपर पडते, मान वाकडी होते आणि चुकीची सवय अंगी लागते. साठ फुटांवर तेच पोर बरोबर फेकू शकते, बरोबर फेकले की गडी बाद होतो, आणि गडी बाद झाला की बरोबर फेकणे आवडू लागते. कौशल्य असे येते. आपल्याकडे सहावीतल्या पोराला बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर, मोठ्यांच्या सीमारेषेसह, मोठ्यांच्या वजनाची बॅट देऊन आपण उभे करतो, आणि मग ‘याच्यात ताकद नाही’ म्हणून मोकळे होतो.

नातवाच्या लीगमध्ये मी पायऱ्या पाहिल्या. चार-पाच वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांना कुणी चेंडू टाकतच नाही. रबरी दांड्यावर चेंडू ठेवलेला असतो, तो टोलवायचा आणि पळायचे. पुढच्या पायरीवर प्रशिक्षक हळू चेंडू टाकतो. त्यानंतर कुठे मुले मुलांना टाकू लागतात. जमिनीलगत येणारा चेंडू कसा अडवायचा हे ‘सुसर’ म्हणून शिकवतात. खालचा हात मोज्यासकट जमिनीवर म्हणजे सुसरीचा खालचा जबडा, वरचा हात म्हणजे वरचा जबडा, चेंडू आला की जबडा मिटायचा. सात वर्षांच्या पोराला ‘गुडघे वाकव, नजर चेंडूवर ठेव, दोन्ही हात वापर’ असे तीन हुकूम सोडण्यापेक्षा ‘सुसर हो’ म्हटलेले पटकन कळते.

आणखी एक नियम मला फार आवडला. संघात बारा मुले असोत की तेरा, प्रत्येकाला सामन्यात ठरावीक वेळ मैदानावर खेळवावेच लागते आणि निदान एकदा फलंदाजी द्यावीच लागते. कच्चे पोर बाकावर बसवून पाणी द्यायला ठेवता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षकाचा स्वार्थच असा बनतो, की सर्वांत कच्च्या पोराला शिकवावे. कारण तो मैदानात येणार आहे, आणि चेंडू नेमका त्याच्याकडेच जाणार आहे!

हे सारे आपोआप झाले नाही. ज्या न्यू जर्सीत मी खुर्ची टाकून बसत होतो, त्याच राज्यातल्या होबोकेन गावात १९७२ साली मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी लिटल लीगचे तीन सामने खेळली. मुलींना मनाई होती. वरून दम आला, की ती खेळली तर गावाच्या लीगची मान्यता काढू. मारिया घरी बसली, पण प्रकरण न्यायाधिकरणापुढे आणि न्यायालयात गेले आणि १९७४ पासून मुलींना दार उघडले. तोवर मारियाचे खेळायचे वय उलटून गेले होते. चाळीस वर्षांनी, २०१४ साली, फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकला. आमच्या नातवाच्या संघातही एक मुलगी आहे, दुसऱ्या बेसवर उभी राहते, आणि तिच्याकडे गेलेला चेंडू क्वचितच पुढे जातो.

कोपराचे अंकगणित

आता त्या पंच्याऐंशीविषयी.

पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्थिबंध असतो. हात मागे ताणून पुढे झटकला की सारा ताण त्यावर येतो. मोठ्या माणसात तो तुटतो. लहान मुलात हाडांची टोके अजून कूर्चेची, मऊ असतात, तिथे वाढ चाललेली असते, म्हणून आधी तीच उसवतात. या दुखण्याला डॉक्टरांनी ‘लिटल लीगर्स एल्बो’ असेच नाव दिले आहे. ज्या संस्थेने पोरांसाठी मैदान लहान केले, तिचेच नाव पोरांच्या दुखण्याला मिळावे, यात काय ते आले.

१९७४ साली टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरचा हा अस्थिबंध गेला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या मनगटातली शीर काढून कोपरात बसवली. तोवर असे कुणी केले नव्हते. जॉन १९७६ साली परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. वैद्यकशास्त्राचा हा विजय खराच, पण त्याला एक कडू फळ आले. जे तिशीतल्या व्यावसायिकासाठी शोधले ते शाळकरी मुलांवर होऊ लागले. शस्त्रक्रिया केली की हात आणखी जोरकस होतो, असा गैरसमज पालकांत पसरला.

अलाबामातल्या डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि ग्लेन फ्लायसिग यांच्या चमूने मग हिशेब मांडायला घेतला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची आणि धडधाकट पिचरांची तुलना होती. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका पाचपट आढळला. आणि हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत तो छत्तीसपट! दुसऱ्या अभ्यासात त्यांनी ४८१ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेतला. तो २०११ साली आला. वर्षाला शंभरपेक्षा अधिक डाव टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट निघाला. गंमत म्हणजे, ज्या वळणाऱ्या चेंडूला सारे बाप दोष देत होते त्याच्यावरचा आरोप या अभ्यासात ठामपणे सिद्ध झाला नाही. गुन्हेगार निघाली ती संख्या, आणि दमणूक.

पूर्वी लिटल लीग डाव मोजायची. पण एक डाव आठ चेंडूंत संपतो, तसा चाळीस चेंडूंतही. म्हणून २००७ पासून चेंडू मोजायचा नियम आला. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५, तेरा ते सोळाला ९५. त्यावर विश्रांतीचे कोष्टक. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ च्या वर गेला तर चार दिवस पिचिंग बंद. नियम एवढा सोपा आहे की आजोबालाही कळतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

घामाचा मान आणि हाडाची किंमत

यावर आपल्याकडची माणसे काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मीच ते तीस वर्षांपूर्वी म्हणत होतो. “घाम गाळल्याशिवाय कुणी मोठा झालाय का? आचरेकर सरांनी सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवून दमलेल्या पोराला पुन्हा खेळवलं. तिथे कुणी मोजत होतं का?”

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जपानात तर तो धर्माच्या जागी आहे. तिथली शालेय बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून चालत आली आहे आणि ऑगस्टच्या उकाड्यात कोशिएन मैदानावर होते. हरलेली पोरे मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या अठरा वर्षांच्याही आतल्या मुलाने उपान्त्यपूर्व फेरीत सतरा डावांत २५० चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी थोडे टाकले आणि तिसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नाही. सारा जपान त्याच्या पायाशी आला. तो पुढे अमेरिकेत गेला, २००७ साली बोस्टनकडून विजेताही झाला. आणि २०११ साली त्याच कोपराच्या शस्त्रक्रियेला सामोरा गेला. २०१८ साली कोसेई योशिदा या मुलाने एका कोशिएन स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले, तेव्हाही देशाने डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच वर्षी मात्र वेगळे घडले. ओफुनातो हे २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त केलेले गाव. त्या सुनामीत वडील आणि आजी-आजोबा गमावलेला रोकी सासाकी तिथल्या शाळेकडून खेळत होता आणि ताशी १६० किलोमीटरने चेंडू टाकत होता. जुलै २०१९ मध्ये त्याने एका सामन्यात १९४ चेंडू टाकले, तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना. जिंकले की कोशिएन. प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी त्याला उतरवलेच नाही. शाळा २-१२ अशी हरली. शाळेत संतापलेल्या लोकांचे दूरध्वनी आले. सारा देश दोन तट करून भांडला. पण त्या वादाने काम केले. २०२० पासून जपानी शालेय महासंघाने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. सासाकीने २०२२ साली व्यावसायिक सामन्यात एकालाही बेसवर येऊ न देता १९ जणांना गारद केले. त्याचाही खांदा २०२५ साली दुखावला, हेही सांगायला हवे. जपून वापरलेला हात कधीच दुखत नाही, असे कुणी म्हणू नये. पण सतराव्या वर्षी कुणाच्या तरी चषकासाठी तो संपला नाही, एवढे निश्चित.

आचरेकर सरांच्या गोष्टीचेही उत्तर यात आहे. कष्ट आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलंदाजीचा सराव, जमिनीवरचे शंभर चेंडू अडवणे, पाय हलवणे, दांड्यावरचा चेंडू टोलवणे, हे पोराने उन्हातान्हात केले तर अंग कसदार होते. त्याला कुणी मर्यादा घालत नाही. मर्यादा आहे ती सर्व शक्तीनिशी हात किंवा पाठ झटकण्याला, कारण तिथे कसदार होण्याआधीच हाड चिरते. वेगवान गोलंदाजाची पाठ आणि पिचरचे कोपर ही सख्खी भावंडे. म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार मुलांच्या षटकांना मर्यादा घातल्या आहेत. मला हा फरक १९९५ साली कळला असता, तर माझ्या मुलाने त्या दिवशी वाटेल तेवढी फलंदाजी केली असती.

चषक कुणाला हवा असतो?

अमेरिकेत सारे आलबेल आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही. मुलांच्या खेळाची खरी कीड थोरांची हौस आहे, आणि ती तिथेही तेवढीच. २००१ सालच्या लिटल लीग जागतिक स्पर्धेत ब्राँक्सच्या डॅनी अल्मॉन्टे या मुलाने कमाल केली. पुढे कळले की तो बारा वर्षांचा नव्हताच, चौदा वर्षांचा होता. जन्मदाखला खोटा होता, आणि तो पोराने नव्हे, बापाने केला होता. संघाचे सगळे विजय पुसले गेले. नाव मात्र पोराचे बदनाम झाले. आपल्याला यात नवे वाटायला नको. वयचोरी आपल्या मैदानांवर इतकी मुरली आहे की क्रिकेट मंडळाला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाच्या हाडांची चाचणी घ्यावी लागते.

आता तिकडे गावच्या लीगच्या डोक्यावर फिरत्या खासगी संघांचे पेव फुटले आहे. त्यांचे शुल्क भारी, दर शनिवार-रविवार परगावी सामने, बारा महिने एकच खेळ आणि चेंडूचा वेग मोजायला यंत्र रोखून बसलेले लोक. गावच्या लीगमध्ये मोजलेले चेंडू इथल्या सामन्यांत कुणाच्या हिशेबात येत नाहीत, आणि एकच पोर दोन संघांकडून टाकत राहते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या व्यावसायिक बेसबॉलने दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकणे, ही त्यातली मुख्य कारणे, आणि त्यांची मुळे थेट शाळकरी वयापर्यंत जातात. खुद्द कार्ल स्टॉट्झचे काय झाले? आपल्या तीन संघांचे मोठे व्यापारी प्रकरण होत चालले, हे त्याला सोसले नाही. १९५५ साली वाद न्यायालयात गेला आणि पुढच्या वर्षी तो आपल्याच लीगपासून दूर झाला.

आपल्या महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले जातात, मुलीही खेळतात. क्रिकेट, कबड्डी, खो-खो तर आहेतच. मी पाहिलेल्या कितीतरी शालेय स्पर्धा दोन दिवसांत उरकायच्या म्हणून उरकलेल्या होत्या. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, संध्याकाळी अंतिम, आणि तिन्हींत तेच एक पोर राबवलेले. वर दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचे गाजर. शिक्षकाला चषक दाखवायचा असतो, शाळेला छायाचित्र हवे असते, बापाला गुण हवे असतात. पोराला काय हवे असते, ते विचारायला कुणाला सवड आहे?

मला वाटते, फार काही लागत नाही. संघाच्या वहीत प्रत्येक मुलाने आज किती चेंडू, किती षटके टाकली त्याचा एक रकाना हवा, आणि तो भरणारा माणूस प्रशिक्षक नसावा. प्रशिक्षक वाईट असतो म्हणून नव्हे, जिंकायला एक गडी उरलेला असताना आपण कुणीच शहाणे नसतो म्हणून. माझा अनुभव दुसरे काही सांगत नाही. वर्षातले तीन-चार महिने तो खेळ बंद ठेवून पोराला पोहू द्यावे, झाडावर चढू द्यावे, दुसरा कुठला खेळ खेळू द्यावा. कच्च्या मुलाला मैदानावर उतरवणे हा नियम असावा, उपकार नसावा. प्रशिक्षकाची किंमत करताना किती चषक आणले याबरोबर हेही विचारावे, की यंदा आलेल्या पोरांपैकी पुढच्या वर्षी किती परत आली. आणि ‘दुखतंय’ हा शब्द पोराने उच्चारला की त्या दिवशी सामना संपला. ही शेवटची अट मी माझ्या खर्चाने शिकलो. खरे तर माझ्या मुलाच्या.

परतण्याआधीचा शेवटचा सामना होता. चार दिवसांची विश्रांती संपवून नातू पुन्हा पिचर झाला होता. मुलाला कार्यालयातून उशीर झाला. सून गाडी लावायला गेली आणि जाताना तिने ते बारके यंत्र माझ्या हातात ठेवले. “बाबा, आज तुम्ही मोजा.”

मी मोजायला लागलो. मोजताना एक गोष्ट लक्षात आली. चेंडू बरोबर पडला की नाही याआधी आता माझी नजर त्याच्या कोपराकडे जात होती, पाय कसा टेकतो तिकडे जात होती. साठाव्या चेंडूनंतर त्याचा खांदा जरा खाली आला. पासष्टाव्याला त्याने दंड चोळला. सामना बरोबरीत होता. मर्यादेला अजून वीस चेंडू बाकी होते. मी उठलो, कुंपणापाशी गेलो आणि प्रशिक्षकांना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, की मुलगा दमलाय.

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि चेंडू मागून घेतला. नातू रागाने माझ्याकडे बघत तिसऱ्या बेसवर गेला. एवढ्यात मागून मुलगा आला, टाय सैल करत. “काय झालं? का काढला त्याला?” त्याने विचारले.

“दंड चोळत होता,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. शेजारची खुर्ची उघडून बसला. आम्ही दोघांनी पुढचा सामना पाहिला. कोण जिंकले ते खरेच आता आठवत नाही.